फक्त चाचणीचे नाव बदलले आणि ती नापास झाली : बचत गटाच्या पासबुकाचा पहिला क्लास

शाईची दौत

नमस्कार. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून गेले तीन महिने रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा पहिला स्वाध्याय नेहमीचाच होता : बँक खात्याचा क्लास (ज्यावरून एकेक खाते, म्हणजे ऑब्जेक्ट, तयार होते तो साचा) लिहा, त्यात पैसे भरण्याची व काढण्याची मेथड (ते काम करणारा भाग) लिहा आणि युनिट टेस्ट, म्हणजे छोट्या चाचण्या, लिहून तो तपासा. बँकेच्या खात्याऐवजी मी घरातले उदाहरण घेतले. माझ्या सासूबाई आमच्या गावातल्या १२ जणींच्या महिला बचत गटाच्या खजिनदार आहेत आणि गटाची रोकड वही अनेक वर्षे त्यांच्याच हातची आहे. म्हणून माझा क्लास आहे 'सभासद'. त्याच्यापाशी नाव आहे, 'नोंदी' नावाची लिस्ट आहे, 'जमा करा' आणि 'काढा' या दोन मेथड आहेत, आणि 'शिल्लक' ही मेथड नोंदींची बेरीज करून देते.

तीन चाचण्या लिहिल्या होत्या. 'आरंभीची शिल्लक शून्य', 'जमा केल्यावर शिल्लक वाढते' (२०० रुपये भरले, २०० दिसले पाहिजेत) आणि 'शिल्लकीपेक्षा जास्त काढता येत नाही' (काहीही न भरता ५०० काढायला गेल्यास एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, आले पाहिजे). नावाच्या सुरुवातीचे 'टेस्ट' हे रोमन लिपीत ठेवावे लागते, पुढचे सगळे नाव देवनागरीत चालते. तिन्ही उत्तीर्ण झाल्या.

काल मला 'आरंभीची' हा शब्द फार पुस्तकी वाटला, म्हणून मी त्या चाचणीचे नाव 'नव्या सभासदाची शिल्लक शून्य' असे केले. बाकी एका अक्षरालाही हात लावला नाही. चाचण्या चालवल्या, तर हीच चाचणी नापास : अपेक्षित ०, मिळाले २००. तीच चाचणी एकटी चालवली की उत्तीर्ण होते. जुने नाव परत दिले की तिन्ही उत्तीर्ण होतात. प्रत्येक चाचणीआधी आपोआप चालणाऱ्या सेटअपमध्ये मी नवा सभासद तयार करते, त्यामुळे एकीचे पैसे दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच यायला नको. माझा क्लास चुकला आहे, चाचण्या चुकल्या आहेत, की मराठी नावे देणेच चुकले आहे?

कोरडवाहू

मीही शिकाऊच आहे. नावावर निकाल अवलंबून असतो हे वाचून मी माझ्या सगळ्या चाचण्या उघडून बसलो आहे. उत्तराची वाट पाहतो.

मध्यलय

शाईची दौत ताई, मराठी नावांचा काहीही दोष नाही. उलट त्या नावामुळेच चूक उजेडात आली. आपण एक सांगा : 'नोंदी' ही रिकामी लिस्ट आपण कुठे लिहिली आहे? कन्स्ट्रक्टरच्या (नवा ऑब्जेक्ट तयार होताना दर वेळी चालणाऱ्या मेथडच्या) आत, की क्लासच्या नावाच्या लगेच खाली?

शाईची दौत

क्लासच्या नावाच्या लगेच खाली. सगळे तपशील एका जागी, वरच दिसावेत असा हेतू होता.

मध्यलय

मग गाठ सापडली. क्लासच्या अंगात थेट लिहिलेली गोष्ट क्लासची असते, ऑब्जेक्टची नसते. पायथन ती ओळ क्लास तयार होताना एकदाच वाचतो, एकच लिस्ट तयार करतो, आणि त्या क्लासचे जितके ऑब्जेक्ट जन्माला येतील ते सगळे त्याच एका लिस्टकडे बोट दाखवतात. आपल्या गटाच्या भाषेत सांगायचे तर १२ जणींना आपण १२ पासबुके दिली असे आपल्याला वाटते आहे, पण प्रत्यक्षात कपाटात एकच पासबुक आहे आणि बाराही जणी त्यातच लिहीत आहेत. सेटअपने नवा सभासद दिला हे खरे. पासबुक मात्र जुनेच राहिले.

आता नावाचे कोडे. पायथनबरोबर येणारे युनिटटेस्ट हे मॉड्यूल चाचण्या फाइलमधल्या क्रमाने चालवत नाही, नावांच्या क्रमाने चालवते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, देवनागरी अक्षरांचा क्रम बहुतांशी आपल्या वर्णमालेसारखाच आहे. 'आरंभीची' मधला आ हा 'जमा' मधल्या ज च्या आधी येतो, म्हणून शून्य शिल्लक तपासली जायची तेव्हा सामाईक लिस्ट खरोखरच रिकामी असायची. 'नव्या' मधला न हा ज च्या नंतर येतो. नाव बदलताच आधी २०० रुपये जमा झाले आणि मग 'नव्या' सभासदाची शिल्लक विचारली गेली. चूक पहिल्या दिवसापासून होती, आपण नाव बदलेपर्यंत ती वर्णमालेच्या आडोशाला होती.

उपाय एका ओळीचा आहे : रिकामी लिस्ट तयार करण्याची ओळ कन्स्ट्रक्टरच्या आत न्या आणि ती सेल्फला, म्हणजे त्या त्या ऑब्जेक्टला, जोडा. मात्र ती ओळ हलवण्याआधी एक नवी चाचणी लिहा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. दोन सभासद तयार करा, एकीच्या नावावर १०० रुपये भरा, आणि दुसरीची शिल्लक शून्यच आहे का ते तपासा. ही चाचणी आज नापास झाली पाहिजे आणि ओळ हलवल्यावर उत्तीर्ण झाली पाहिजे. आपल्या तिन्ही चाचण्यांत एका वेळी एकच सभासद होता. क्लास लिहायचा तो अनेक ऑब्जेक्टसाठी, आणि तपासायचा मात्र एकावर, असे झाल्यावर ही चूक पकडणार कोण?

कोरडवाहू

मध्यलय सर, एक शंका आहे. माझ्या क्लासमध्ये मी लिस्टऐवजी 'शिल्लक' हा आकडाच क्लासच्या नावाखाली शून्य म्हणून लिहिला आहे आणि भरणा झाला की त्यात मिळवतो. आपल्या सांगण्याप्रमाणे तोही सामाईक व्हायला हवा. पण दोन ऑब्जेक्ट करून पाहिले, तर दोघांचे आकडे वेगळे राहतात. असे का?

मध्यलय

फार नेमकी शंका आहे. आकडा बदलता येत नाही, तो फक्त नव्याने लिहिता येतो. 'सेल्फची शिल्लक अधिक शंभर' असे आपण करता तेव्हा पायथन क्लासचा शून्य वाचतो, त्यात शंभर मिळवतो, आणि आलेले उत्तर त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या नावावर नव्याने ठेवतो. क्लासचा शून्य होता तसाच राहतो. लिस्टमध्ये अपेंड करताना नवे काही लिहिले जात नाही, आहे त्याच लिस्टच्या पोटात भर पडते. म्हणून आकड्याने आपल्याला तारले आणि लिस्टने ताईंना अडवले. तरीही आकडासुद्धा कन्स्ट्रक्टरमध्येच ठेवा. आज चालते म्हणून उद्या त्या जागी कोणी लिस्ट किंवा डिक्शनरी ठेवणार नाही, याची खात्री नाही.

कोरडवाहू

मी लिस्ट करून, ती कन्स्ट्रक्टरच्या कंसात 'नोंदी बरोबर रिकामी लिस्ट' अशी ठेवली. आता तरी बरोबर ना?

मध्यलय

नाही, हा त्याच खड्ड्याचा दुसरा काठ आहे. कंसातले पूर्वनिर्धारित मूल्यसुद्धा फंक्शन लिहिले जाते त्या क्षणी एकदाच तयार होते, प्रत्येक वेळी बोलावल्यावर नव्हे. कंसात 'नन' (काहीच नाही) ठेवा, आणि आत 'नन आले असेल तर नवी लिस्ट' असे लिहा. दोन सभासदांची ती चाचणी आपणही चालवून पाहा, माझ्या शब्दावर विसंबू नका.

नदीकाठ

मी थोडे वेगळे मत मांडतो. हा धागा वाचताना मला असे वाटते की तीन महिने शिकणाऱ्या व्यक्तीवर आपण चाचण्यांचे ओझे फार लवकर टाकतो. क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, सेल्फ कशासाठी, हेच अजून अंगवळणी पडलेले नसते. त्यात सेटअप, असर्ट, चाचण्यांचा क्रम अशी दुसरीच यंत्रणा समोर येते. ताईंचा वेळ कशात गेला? क्लास समजून घेण्यात नव्हे, चाचणी चालवणाऱ्या साधनाचा क्रम समजून घेण्यात. मी शिकलो तेव्हा आम्ही स्क्रीनवर उत्तर छापून पाहत होतो आणि तेवढे पुरत होते. आधी कार्यक्रम (प्रोग्रॅम) चालू द्यावा, चाचण्या दुसऱ्या वर्षी याव्यात.

पाटीपेन्सिल

नदीकाठ, मी पदविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवते, त्यामुळे आपली काळजी मला परकी नाही. पहिल्या आठवड्यात सेटअपचा उल्लेखही मी करत नाही. तरीही आपल्या निष्कर्षाशी मी असहमत आहे. ताईंनी उत्तर स्क्रीनवर छापून पाहिले असते तर एक सभासद केला असता, २०० भरले असते, २०० दिसले असते, आणि काम झाले असे मानून त्या पुढच्या धड्याकडे गेल्या असत्या. ऑब्जेक्ट म्हणजे स्वतःची स्थिती स्वतःपाशी बाळगणारी वस्तू, ही व्याख्या त्यांनी पाठ केली असती. ती खोटी ठरताना पाहिली नसती. काल रात्री त्यांनी ती पाहिली.

माझी खरी तक्रार वेगळ्या सवयीबद्दल आहे आणि ती मी दर वर्षी पाहते. विद्यार्थी आधी कार्यक्रम लिहितात, तो चालवतात, जे उत्तर येईल ते उचलतात आणि चाचणीत 'अपेक्षित' म्हणून चिकटवतात. अशी चाचणी कधीच नापास होत नाही, कारण ती कार्यक्रमाला त्याच्याच उत्तराची आठवण करून देत असते. एका मुलाने व्याजाच्या स्वाध्यायात अपेक्षित उत्तर म्हणून दशांश चिन्हापुढे १४ आकडे लिहिले होते. मी त्याला विचारले, हा आकडा तू कागदावर कसा काढलास? त्याच्याजवळ कागदच नव्हता.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेत आता एक नियम आहे : चाचणीतला अपेक्षित आकडा आधी वहीत हाताने काढायचा, त्याखाली रीत लिहायची, आणि मगच कळफलकाला हात लावायचा. शाईची दौत ताई, आपल्या घरी तर अशी वही तयारच आहे. आपल्या चाचण्यांतले २०० आणि ५०० हे आकडे आपण मनाने घेतलेत. पुढचे आकडे सासूबाईंच्या वहीतून घ्या. निदान एका सभासदाचे एक अख्खे पान.

दहिवर

श्टुटगार्टहून लिहितो आहे, कामाची भाषा जावा. जावात ताईंची चूक सहजी होत नाही, कारण क्लासच्या अंगात लिहिलेले फील्ड प्रत्येक ऑब्जेक्टला वेगळे मिळते. ते सामाईक करायचे असेल तर 'स्टॅटिक' असे स्पष्ट लिहावे लागते. जावाहून पायथनकडे येणारे अनुभवी लोकही म्हणूनच या ठिकाणी अडखळतात.

क्रमाचे दुखणे मात्र दोन्हीकडे आहे. जावाची सातवी आवृत्ती आली तेव्हा मेथडचा क्रम पूर्वीसारखा राहील याचा भरवसा उरला नाही, आणि क्रमावर नकळत विसंबलेल्या कित्येक चाचण्या कोसळल्या. जावातल्या चाचण्यांचे साधन जेयुनिट, त्याच्या पाचव्या आवृत्तीत क्रम ठरलेला असतो, पण तो मुद्दाम सहज ओळखता येणार नाही असा ठेवलेला आहे, जेणेकरून कोणी त्यावर विसंबू नये. एकमेकींवर अवलंबून असलेल्या चाचण्या शोधण्यासाठी त्या उलटसुलट क्रमाने चालवणे हा उत्तम मार्ग आहे. ताईंनी एक नाव बदलून तेच केले.

थोडे अवांतर : पायथनमधल्या इतर नावांत शब्द अधोरेषेने जोडतात, पण 'सेटअप' मधला अप मोठ्या अक्षराने का सुरू होतो, असे मला एका सहकाऱ्याने विचारले होते. केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी चाचण्यांची एक छोटी चौकट लिहिली होती. १९९७ साली अटलांटाच्या परिषदेला जाताना विमानात त्यांनी आणि एरिख गामा यांनी तिचे जावा रूप लिहिले, तेच जेयुनिट. पायथनचे युनिटटेस्ट त्याच घराण्यातले आहे आणि २००१ साली पायथन २.१ बरोबर ते अधिकृतपणे आले. येताना घरची नावे तशीच घेऊन आले.

शाईची दौत

सर्वांचे मनापासून आभार. मध्यलय सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी दोन सभासदांची चाचणी लिहिली. सासूबाईंच्या गटातल्या दोघींची नावे घेतली आणि एकीच्या नावावर १०० भरले. चाचणी नापास झाली : दुसरीच्या नावावरही १०० दिसले. लाल अक्षरांतली ती ओळ मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "असं माझ्या वहीत झालं असतं तर बैठकीत भांडणं लागली असती." मग ओळ कन्स्ट्रक्टरमध्ये नेली आणि चारही चाचण्या उत्तीर्ण झाल्या, नाव कोणतेही असो.

पाटीपेन्सिल ताईंची सूचना मला फार पटली. आज वही मागून घेतली आहे. एका सभासदाचे पान निवडले : दरमहा १०० रुपये बचत, मध्येच ५,००० रुपयांचे अंतर्गत कर्ज, व्याज दरमहा शेकडा दोन, परतफेड दरमहा ५०० प्रमाणे १० हप्त्यांत. मी क्लासमध्ये व्याजाची मेथड लिहिली आणि एकूण व्याज १,००० रुपये आले. वहीत मात्र ५५० आहे. मी वहीतली बेरीज दोनदा करून पाहिली, ती बरोबर आहे.

परीघ

मी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात आयुष्य घालवले आहे, प्रोग्रॅमिंग मुलीकडून थोडेफार समजून घेतले. आपली वही बरोबर आहे. आपण दर महिन्याला मूळ ५,००० वरच व्याज आकारले, म्हणजे १०० रुपये गुणिले १०. गट व्याज आकारतो ते उतरत्या मुदलावर. पहिल्या महिन्यात ५,००० वर १०० रुपये, हप्ता फिटल्यावर ४,५०० वर ९०, मग ८०, असे करत शेवटच्या ५०० वर १० रुपये. १०० पासून १० पर्यंतची ही उतरंड मिळून ५५०. फरक ४५० रुपयांचा आहे, आणि तो गरजू बाईच्या खिशातून जाणार होता.

इथे पाटीपेन्सिल यांचे म्हणणे मला अक्षरशः दिसले. आपण कार्यक्रमाने दिलेले १,००० हेच अपेक्षित म्हणून लिहिले असते तर चाचणी हिरवी झाली असती आणि चुकीचा हिशेब प्रमाणित झाला असता. लेखापरीक्षणातही पहिला धडा हाच असतो की हिशेब ज्याने लिहिला त्याच्याच बेरजेवरून तो तपासायचा नाही, पावती पाहायची.

आणखी एक. कर्ज १,२२५ असेल तर महिन्याचे व्याज साडेचोवीस रुपये होते. बचत गटाच्या वहीत ते २५ लिहिले जाईल. आपला संगणक काय लिहितो ते तपासा.

शाईची दौत

परीघ काका, तपासले. पायथनच्या राऊंड फंक्शनने २४ दिले! १,२७५ वर साडेपंचवीस होतात, त्याचे मात्र २६ दिले. एकदा खाली आणि एकदा वर, हे मला उमगले नाही.

मध्यलय

पायथन तीनमध्ये राऊंड हे फंक्शन अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे जाते. साडेचोवीसला जवळचा सम २४, साडेपंचवीसला २६. पुष्कळ आकड्यांची बेरीज करताना चूक एकाच दिशेला साचू नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. फक्त आपल्या गटाचा नियम तो नाही. त्यामुळे नियम आपण लिहायचा. 'व्याज २४.५० असल्यास २५ आकारावे' आणि '२५.५० असल्यास २६ आकारावे' अशा दोन चाचण्या ठेवा. दुसरी एकटीच ठेवली तर चुकीची मेथडही उत्तीर्ण होईल, म्हणून दोन्ही हव्यात.

पैशांसाठी फ्लोट हा दशांश आकड्यांचा प्रकार वापरू नका, हेही याच ओघात सांगतो. संगणक ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका साठवू शकत नाही, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी तोलली तर पायथन 'असमान' म्हणतो. सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा किंवा डेसिमल हे मॉड्यूल वापरा. चाचणीत 'जवळपास समान' तपासण्याची सोय आहे, पण रोकड जवळपास जुळून चालत नाही.

सांजवारा

मी रत्नागिरी जिल्ह्यात बचत गटांच्या लेख्यांचेच काम करते, त्यामुळे हा धागा वाचताना आपली माणसे भेटल्यासारखे वाटले. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आम्ही जी पंचसूत्री शिकवतो, त्यात नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज व्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही पाच सूत्रे आहेत. ताई, तुमचा क्लास यातल्या तीन सूत्रांपर्यंत पोहोचला आहे.

तुम्ही वाटणीही तपासून पाहा. ५५० रुपये व्याज १२ जणींत वाटायचे तर प्रत्येकी ४५ रुपये ८३ पैसे होतात, आणि त्याची १२ पट ५४९ रुपये ९६ पैसे. चार पैसे कुठे गेले? पूर्ण रुपयांत वाटले तर प्रत्येकी ४५, एकूण ५४०, आणि १० रुपये उरतात. माझ्या पाहण्यातले गट उरलेली रक्कम गटाच्या निधीत ठेवतात आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहितात. कार्यक्रमात ते १० रुपये कोणत्या ऑब्जेक्टकडे जातील, हे ठरवल्याशिवाय हिशेब जुळणार नाही.

मध्यलय

सांजवारा ताई, यातून उत्तम चाचणी निघते : बाराही जणींचे वाटे आणि निधीतली शिल्लक यांची बेरीज मूळ रकमेइतकीच आली पाहिजे, मग रक्कम ५५० असो, १ असो की ०. एकेक उत्तर तपासण्याऐवजी कधीही न मोडणारा नियम तपासणारी ही चाचणी आहे. आणि ते १० रुपये ठेवायला 'सभासद' ही जागा नव्हे, म्हणजे आता 'गट' हा दुसरा क्लास हवा.

कोरडवाहू

वारसा या धड्यापर्यंत मी आलो आहे. कर्ज घेणारी स्त्रीही सभासदच असते, मग 'कर्जदार' हा 'सभासद' या क्लासचा उपवर्ग करावा असे मला सुचले. बरोबर आहे का?

पाटीपेन्सिल

वर्गात हे उत्तर मला जवळजवळ प्रत्येक तुकडीत मिळते, कारण वाक्य म्हणून ते अगदी खरे वाटते : कर्जदार ही सभासद आहे. पण ती मार्चमध्ये कर्ज घेते आणि जानेवारीत फेडून मोकळी होते. मार्चमध्ये तिचा जुना ऑब्जेक्ट टाकून कर्जदाराचा नवा करायचा का? तिच्या बचतीच्या नोंदी कोण हलवणार? आणि तिने दोन कर्जे घेतली तर? कर्ज हे तिचे असणे नव्हे, तिच्यापाशी असलेली गोष्ट आहे. म्हणून 'कर्ज' हा स्वतंत्र क्लास करा आणि सभासदापाशी कर्जांची लिस्ट ठेवा. ही लिस्टही कन्स्ट्रक्टरच्या आतच तयार करा.

नदीकाठ

५५० आणि १,००० चा प्रसंग वाचल्यावर मी माझे मत बदलतो आहे, ते इथेच नोंदवतो. स्क्रीनवर छापलेले १,००० मी बिनदिक्कत स्वीकारले असते, कारण आकडा गोल आणि सुबक आहे. एवढेच म्हणेन की शिकणाऱ्याला चाचणी द्यावी, पण साधनाचे बारकावे एकदम देऊ नयेत.

दहिवर

ताई, 'शिल्लकीपेक्षा जास्त काढता येत नाही' या चाचणीकडे एकदा वळू या. एक्सेप्शन आले एवढेच आपण पाहता. त्यानंतर शिल्लक किती उरली, हे विचारले आहे का?

शाईची दौत

विचारले नव्हते. आता विचारले आणि उणे ५०० आले. मी आधी नोंद लिस्टमध्ये टाकत होते, मग बेरीज ऋण आली की एक्सेप्शन देत होते. म्हणजे पैसे द्यायला नकार द्यायचा आणि वहीत मात्र दिल्याची नोंद राहायची. तपासणी नोंदीच्या वर नेली आणि चाचणीत 'नकारानंतर शिल्लक बदलत नाही' ही ओळ घातली.

कोरडवाहू

माझी हीच चाचणी वेगळ्या कारणाने अडली होती, कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. असर्टरेझेसच्या (एक्सेप्शन येते का ते तपासणाऱ्या मेथडच्या) कंसात मी 'काढा' ही मेथड ५०० देऊन तिथेच बोलावत होतो. त्यामुळे असर्टरेझेसला काही कळण्याआधीच एक्सेप्शन उडत होते. मेथडचे नुसते नाव आणि रक्कम स्वल्पविरामाने वेगवेगळी दिली, किंवा 'विथ' लिहून त्याच्या पोटात मेथड बोलावली, की जमते.

सांजवारा

देवनागरी नावांबद्दल एक अडचण विचारते. मी 'दुसऱ्या सभासदाची शिल्लक' असे नाव दिले, तर पायथनने नाव अवैध ठरवले. तेच नाव सहकारी मैत्रिणीच्या संगणकावर चालले.

मध्यलय

काही कळफलकांवर 'ऱ्या' लिहिताना साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घातले जाते. पायथनला नावात ते चालत नाही. ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे; ते वापरून ऱ, हलन्त, य असे लिहा, नाव स्वीकारले जाईल. देवनागरी अंकांचेही सांगून ठेवतो : कार्यक्रमात थेट लिहिलेला '१००' चालत नाही, पण वापरणाऱ्याने भरलेला '१००' हा मजकूर इंट या फंक्शनला दिला तर ते त्याचे नीट शंभर करते. वहीतले आकडे आहेत तसे भरून घेता येतील.

शाईची दौत

गेल्या चार रात्रींत झालेले काम लिहिते. आता तीन क्लास आहेत : 'सभासद', 'कर्ज' आणि 'गट'. चाचण्या १७ झाल्या, सगळ्या उत्तीर्ण. त्यातल्या ११ चाचण्यांतले आकडे वहीतून घेतले आहेत आणि प्रत्येकीच्या वर पान क्रमांक लिहिला आहे. दोन चाचण्यांना चुकून एकच नाव दिले गेले होते, तेव्हा पहिली निमूटपणे नाहीशी झाली आणि एकूण संख्या एकाने कमी दिसली, म्हणूनच ते लक्षात आले. आता चालवल्यावर आधी संख्या मोजते.

सासूबाई काल माझ्या शेजारी बसून होत्या. मी 'चाचणी' म्हणजे काय ते सांगितल्यावर त्यांनी वहीचे एक जुने पान उघडले. एका सभासदाचे सासर दुसऱ्या गावी हलले, तिने मध्येच गट सोडला, तेव्हा तिचे १,८०० रुपये कर्ज बाकी होते आणि बचत २,४०० होती. बैठकीत बचतीतून कर्ज आणि त्या महिन्याचे ३६ रुपये व्याज वळते करून तिला ५६४ रुपये रोख दिले, असे तिथे लिहिले आहे, खाली सगळ्यांच्या सह्या आणि दोन अंगठे आहेत. त्यांनी विचारले, "तुझा संगणक एवढं देतो का बघ." माझ्या 'गट' या क्लासमध्ये सभासदाने गट सोडण्याची मेथडच नाही. त्या १७ खेरीज ही चाचणी मात्र आधी लिहून ठेवली आहे, अपेक्षित ५६४. आत्ता ती नापास आहे.

परीघ

२,४०० वजा १,८०० वजा ३६, बरोबर ५६४. एक विचारून घ्या : त्या वर्षीच्या व्याजातला तिचा वाटा तिला दिला होता का, आणि दिला नसेल तर तो कोणाच्या नावे राहिला?

शाईची दौत

काका, वहीत त्याची नोंद दिसत नाही. सासूबाई म्हणतात की त्या बैठकीचे इतिवृत्त गटाच्या सचिवांकडे आहे. उद्या दुपारी त्यांच्याकडे जाऊन पाहून येते.